साठीनंतर नवीनच डोकेदुखी सुरू झाली तर आधी काय बघायचं

म्हाताऱ्या माणसाचं डोकं दुखलं की आपल्याकडे निदान घरातच होतं, बीपी वाढलं असेल नाहीतर चष्म्याचा नंबर बदलला असेल, लावा बाम आणि झोपा. पण बीपी 180/120 च्या आसपास गेल्याशिवाय सहसा त्याने डोकं दुखत नाही. आयुष्यात कधी डोकं न दुखलेल्या माणसाचं पन्नाशीनंतर दुखायला लागलं तर डॉक्टर गाठायचाच.

आधी हे बघा की थांबायला वेळ आहे का. एकदम कळ येऊन मिनिटभरात असह्य झालं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळतंय, तापात मान आखडली, किंवा डोळा लालभडक होऊन उलट्या होतायत (काचबिंदू अचानक उसळला की असं होतं), तर थेट कॅज्युअल्टी.

असं काही नसेल तर पडलात का ते विचारा. आजचं नाही, गेल्या दोन-तीन महिन्यातलं. बाथरूममध्ये पाय घसरला, कपाट लागलं, ओरडा बसेल म्हणून आजी बोलतच नाहीत. कवटीच्या आत रक्त हळूहळू साठतं आणि त्रास काही आठवड्यांनी सुरू होतो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच धोका. सीटी स्कॅनमध्ये कळतं.

मग कानशील. वेणी घालताना कंगवा टेकला तरी दुखतं का? भाकरी चावता चावता जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, परत चावलं की परत तेच, असं होतं का? हे दात किंवा कवळीचं समजून लोक डेंटिस्टकडे जातात, पण कानशिलाची रक्तवाहिनी सुजली तरी असंच होतं. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो म्हणून डोक्यात येत नाही, पण उशीर झाला तर नजर जाते आणि गेलेली बहुतेक परत येत नाही. मधेच अंधारी आली, एकाचे दोन दिसले तर त्याच दिवशी दाखवा. ईएसआर, सीआरपी या साध्या रक्ताच्या टेस्ट असतात, पक्कं करायला बायोप्सी (त्या रक्तवाहिनीचा छोटा तुकडा काढून तपासतात), पण संशय दाट असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात.

जाताना गोळ्यांची अख्खी पिशवी न्या, नुसती यादी नको. छातीत दुखण्यावरच्या नायट्रेटच्या गोळीनेही डोकं दुखतं, आणि महिन्यातले पंधरा दिवस पेनकिलर खाल्ली तर त्यानेही.

आणि दुखणं फक्त अंघोळीनंतरच होत असेल, त्यात घरात बाकीच्यांचंही डोकं जड होत असेल, तर गॅस गिझरचा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) घरात कोंडत असेल, गिझर बंद करा आणि खिडकी उघडा.