अमेरिकन कॉलेज कोचला स्विमिंग प्रोफाइल पाठवताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेज टीममध्ये पोहायला मिळावं म्हणून बनवलेली प्रोफाइलं माझ्याकडे ‘जरा नजर टाका’ म्हणून येत असतात. सोनेरी बॉर्डर, गळ्यात मेडलांची माळ, कुणा पुढाऱ्याच्या हस्ते सत्कार, आणि टायमिंग शोधायला चौथ्या पानावर जावं लागतं. अहो, पोहण्यात कोच आधी टायमिंग बघतो. ते जमण्यासारखं वाटलं तरच तो पुढचं वाचतो. मी तर मेडलांचं पान सरळ काढूनच टाकायला लावतो. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत पहिला नंबर म्हणजे नेमकं काय, हे ओहायोतल्या माणसाला कळायचं कसं?

टायमिंग लिहिलंय, पण कुठल्या पूलमधलं?

ही चूक बघून बघून मी कंटाळलोय. आपल्याकडे स्टेट आणि नॅशनल्स ५० मीटरच्या पूलमध्ये होतात, म्हणजे लाँग कोर्स. अमेरिकन कॉलेजांचा सीझन २५ यार्डांच्या पूलमध्ये चालतो. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, वर तीन टर्न. आपल्या १०० मीटरला टर्न एकच. दर टर्नला भिंतीचा धक्का मिळतो, त्यामुळे तोच मुलगा यार्डांत कितीतरी वेगवान दिसतो. १०० फ्रीस्टाइलचे लाँग कोर्समधले ५६ सेकंद यार्डांत साधारण ४९ होतात.

एका मुलीचं १०० फ्रीस्टाइलचं टायमिंग होतं १:०१.५, लाँग कोर्स, टच पॅडवर (भिंतीवरच्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवर) लागलेलं. यार्डांत ते ५४च्या आसपास जातं. तिने बऱ्याच कॉलेजांच्या साइटवरचे फॉर्म भरले आणि कुठूनच उत्तर येईना. घरात चर्चा सुरू झाली की इंडियन मुलांना घेतच नाहीत. मी म्हटलं, फॉर्मचा स्क्रीनशॉट दाखव. टायमिंगच्या चौकटीशेजारी पूल निवडायची बारीकशी यादी होती, तिच्यावर आधीपासूनच ‘यार्ड’ होतं आणि पोरीने तिला हातही लावला नव्हता. म्हणजे कोचच्या पुढ्यात गेलं १०० यार्डांना एक मिनिट दीड सेकंद. एवढ्या टायमिंगवर कोण उत्तर देणार? मग तिने त्याच कोचना चार ओळींचा ईमेल केला: टायमिंग लाँग कोर्स मीटरमधलं, स्पर्धा अमुक, तारीख अमुक, निकालाची लिंक ही. दोघांनी त्याच आठवड्यात बारावीच्या विषयांची चौकशी केली.

याची दुसरी बाजू याहून वाईट. ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये आकडा घालायचा आणि बाहेर येईल तो ‘बेस्ट टाइम’ म्हणून ठोकून द्यायचा. एका वडिलांनी मुलाच्या ५६चे ४९ केले आणि शेजारी ‘कन्व्हर्टेड’ लिहायचं सोयीस्करपणे टाळलं. कोचने साधा प्रश्न केला, हे कुठल्या मीटमध्ये पोहलास? झालं, पत्रव्यवहार तिथेच संपला. हे लोक स्विमक्लाउड या निकालांच्या साइटवर नाव टाकतात, वर्ल्ड ॲक्वाटिक्स या जागतिक संघटनेचे निकाल बघतात, फेडरेशनची पीडीएफसुद्धा उघडतात. मूळ टायमिंग मूळ पूलसकट लिहा. यार्डांत बदलायचं काम कोचवर सोडा, त्याचा हात त्यात तुमच्यापेक्षा बसलेला आहे.

क्लबच्या सरांनी स्टॉपवॉचवर घेतलेलं टायमिंग नकोच. सर कितीही प्रामाणिक असोत.

ईमेल बाबांनी लिहिणं

‘माझा मुलगा लहानपणापासून अत्यंत मेहनती व शिस्तप्रिय आहे’ आणि खाली कंपनीच्या हुद्द्यासकट सही. कोचला चार वर्षं मुलाशी बोलायचंय, बाबांशी नाही. मुलाचं इंग्रजी मोडकंतोडकं असलं तर असू दे, पण ईमेल त्याच्याच पत्त्यावरून जाऊ दे. विषयाच्या ओळीत मी एवढंच लिहायला लावतो: बारावी पास होण्याचं वर्ष, मुख्य इव्हेंट, टायमिंग, पूल. उदाहरणार्थ ‘२०२७, १०० बटरफ्लाय, ५७.४, लाँग कोर्स मीटर’. मेल न उघडताही काम होतं. आणि कॉपी-पेस्ट करताना आधीच्या कॉलेजचं नाव तसंच राहू देऊ नका. ही चूक मुलांपेक्षा पालकच जास्त करतात.

पहिल्याच मेलमध्ये ‘स्कॉलरशिप किती मिळेल’ हेही नको. त्यातही डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांच्या तीन गटांतला तिसरा) आणि आयव्ही लीगला (हार्वर्ड, येलसारख्या आठ विद्यापीठांचा गट) विचारलंत तर तुम्ही काहीच वाचलेलं नाही हे उघड होतं. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसतेच. एमआयटी डिव्हिजन थ्रीमध्ये खेळते, हे सांगितल्यावर बऱ्याच घरांत एकदम शांतता पसरते.

दहावीच्या वर्षी पूल बंद, क्लास सुरू, हे आपल्याकडे घराघरांत होतं. निकालांत आठ-दहा महिन्यांची पोकळी दिसते आणि कोचला वाटतं दुखापत असेल. एक ओळ लिहून टाका, बोर्डाची परीक्षा होती. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

नववीचं रिपोर्ट कार्ड हरवू नका. एनसीएए म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संस्था. खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या तिच्या एलिजिबिलिटी सेंटरला नववीपासूनची वर्षवार मार्कशीट लागते, आणि दहावीनंतर मूल ज्युनियर कॉलेजला गेलं की जुन्या शाळेत खेपा घालायला कुणालाच वेळ नसतो. टक्क्यांना २५ने भागून स्वतःच जीपीए (अमेरिकेतली चारपैकी मार्कांची सरासरी) काढणंही थांबवा. ७५ टक्क्यांचा ३.० होत नाही. टक्के टक्केच राहू द्या.

उत्तर आलं नाही म्हणून लगेच हिरमुसू नका. डिव्हिजन वनच्या स्विमिंग कोचना साधारण दहावीनंतरच्या १५ जूनआधी मुलाशी भरतीबद्दल बोलायची परवानगीच नसते. नववीत लिहिलेल्या मेलला मौन मिळालं तर ते नियमामुळे असू शकतं.

व्हिडिओला गाणं लावू नका, स्लो मोशन तर मुळीच नको. एक आख्खी रेस, लेन नंबर सांगून. जोडीला स्टार्ट आणि टर्न, शक्यतो पाण्याखालून. यार्डांच्या पूलमध्ये भिंतीपाशीच रेस जिंकली जाते, हे वर सांगितलंच.

राहिले एजंट. ‘आम्ही तुमचं प्रोफाइल पाचशे कॉलेजांना पाठवू’ म्हणून भरमसाट पैसे घेणारे. कॉलेजच्या साइटवरचा फॉर्म फुकट असतो. असा एकगठ्ठा मेल कोच ओळखतो आणि न वाचता उडवतो. पाचशेतल्या बहुतेक टीमांना तुमचं टायमिंग एकतर कमी पडतं किंवा त्या तुम्हालाच नको असतात. कुणी अजूनही ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट मिळवून देतो’ म्हणत असेल, तर ते लेटर, म्हणजे खेळाडू आणि कॉलेजमधला करार, ऑक्टोबर २०२४ मध्येच रद्द झालंय एवढं त्याला सांगा. त्यापेक्षा वीस कॉलेजं निवडा, त्यांच्या कॉन्फरन्स मीटचे (कॉलेजांच्या गटाच्या स्पर्धेचे) गेल्या वर्षीचे निकाल उघडा आणि आपलं मूल त्यात कितवं आलं असतं ते पेन्सिलने लिहा. यात एक रविवार जातो, आणि नेमका तेवढाच द्यायला लोक तयार नसतात.