परदेशी कार्टून मालिकेचा डीव्हीडी संच मागवताना या चुका टाळा

1993 साली रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसून मोगली, म्हणजेच 'द जंगल बुक', पाहणाऱ्या पिढीला आता ती मालिका स्वतःच्या कपाटात हवी असते, आणि बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते. ही मालिका मूळची जपानची, निप्पॉन ॲनिमेशनची असून 1989-90 मध्ये तिकडे तिचे 52 भाग दाखवले गेले. आपल्या कानात बसलेले आहे ते मात्र दूरदर्शनचे हिंदी रूप, म्हणजे गुलजारांचे शीर्षकगीत आणि नाना पाटेकरांचा शेरखान. जर्मनीत निघालेला संच मागवला तर त्यातला शेरखान जर्मन बोलणार, हे पैसे भरण्यापूर्वी कोणाच्या लक्षात येत नाही. जपानी संचांवर तर इंग्रजी सबटायटलही बहुधा नसतात. शिवाय याच नावाचा डिस्नेचा 1967 चा चित्रपट शोधात सारखा आडवा येतो, त्यामुळे नुसत्या नावावर न जाता वर्ष आणि भागांची संख्या पडताळावी. विक्रेत्याने दिलेले वर्णन महत्त्वाचे नसते. खोक्याच्या मागच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र मागावे. भाषा, सबटायटल, डिस्कची संख्या आणि एकूण मिनिटे हे सारे तिथे बारीक अक्षरांत छापलेले असते.

तिथेच एका कोपऱ्यात पृथ्वीच्या गोलाचे एक छोटे चिन्ह असते आणि त्यात डिस्क जगाच्या कोणत्या विभागातल्या प्लेअरवर चालेल हे सांगणारा एक आकडा असतो. अमेरिका व कॅनडाचा 1, युरोप, जपान व आखाती देशांचा 2, ऑस्ट्रेलियाचा 4 आणि भारताचा 5. न्यू जर्सीतल्या भाच्याने मोठ्या हौसेने आणलेला संच पुण्यातल्या प्लेअरमध्ये चालत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हाच आकडा असतो. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारे प्लेअर मिळतात आणि काही जुन्या प्लेअरमध्ये रिमोटवरून गुप्त क्रमांक देऊन हे बंधन काढताही येते. आपल्या मॉडेलचा क्रमांक टाकून हे संच मागवण्यापूर्वीच शोधावे. संगणकाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. वेगळ्या विभागाची डिस्क घातली की विभाग बदलायचा का, असे विचारणारी चौकट येते आणि आपण सहज होकार देतो. पण ड्राइव्हचा विभाग अवघा पाच वेळा बदलता येतो, आणि शेवटी जो निवडलेला असेल तोच कायम राहतो. माझ्या एका लॅपटॉपची ड्राइव्ह अशीच आयुष्यभरासाठी अमेरिकन होऊन बसली. व्हीएलसीसारखा संगणकावरचा प्लेअर अनेक ड्राइव्हमध्ये विभाग न बदलताच डिस्क वाचतो, तेव्हा आधी तो वापरून पाहावा.

विभाग जुळला म्हणजे सगळे जुळले, असेही नाही. जपान आणि युरोप दोघेही विभाग 2 मध्ये मोडतात, पण टीव्हीवर चित्र दाखवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, आणि जपानची डिस्क एनटीएससी तर युरोपची पाल पद्धतीची असते. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही दाखवतात. जुन्या टीव्हीवर चित्र कृष्णधवल दिसले किंवा वरखाली सरकू लागले, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीची पद्धत बदलावी. पालच्या डिस्कवर पात्रांचे आवाज किंचित चिरके वाटले आणि पंचवीस मिनिटांचा भाग चोविसात संपला, तर डिस्क सदोष नसते. सेकंदाला 24 चौकटींचे चित्रण तिथे 25 च्या वेगाने चालवलेले असते, इतकेच. लॅपटॉपवर धावणाऱ्या पात्राच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या, तर डीइंटरलेस हा पर्याय सुरू करावा.

नकली संच ओळखायला साधा हिशेब पुरतो. 52 भाग म्हणजे सुमारे वीस तास, आणि साडेआठ जीबीच्या, म्हणजे दोन थरांच्या, डिस्कवर चांगल्या चित्रासह फार तर चार तास मावतात. म्हणजे किमान पाच-सहा डिस्क हव्यात. दोन-तीन डिस्कमध्ये संपूर्ण मालिका देऊ करणाऱ्याकडे चित्र धूसर असणार, आणि सबटायटलची भाषा तर वाचवत नाही अशी असते. संच हातात आल्यावर डिस्क उलटी करून पाहावी. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चांदीसारखी किंवा फिकट सोनेरी दिसते, घरी भरलेलीवर जांभळट झाक असते. मधल्या भोकाभोवतीच्या आरशासारख्या कड्यावर आयएफपीआय (IFPI, ध्वनिमुद्रण उद्योगाची जागतिक संघटना) ही अक्षरे व क्रमांक बारीक कोरलेला सापडला, तर जीव बराच भांड्यात पडतो.

खर्चाचा अंदाज करताना सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) धरायला विसरू नये. पार्सलवर भेटवस्तू असे लिहून घेण्याचा जुना सल्ला आता निरुपयोगी आहे. राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता भेटवस्तूंची सूट डिसेंबर 2019 मध्येच काढून घेण्यात आली.

प्रवासात डिस्क खाचेतून निसटून खोक्यात खुळखुळत आलेल्या असतात, म्हणून परत करण्याची मुदत संपण्याआधी प्रत्येक डिस्क शेवटपर्यंत चालवून पाहावी. ओरखडा कुठे पडला आहे त्यानुसार एखादाच भाग अडकतो. पुसायची झाल्यास मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. डिस्कच्या साधारण मध्यावर चित्र क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाले, तर प्लेअर एका थरावरून दुसऱ्या थरावर गेला असे समजावे. तेवढ्यासाठी संच परत पाठवण्याची गरज नाही.