व्हीडीआरवर प्रबंध घेताय? आधी ब्लॉक बघा

'व्हिटॅमिन डी आणि तोंडाचा कर्करोग' असा विषय घेतला की पहिली गफलत सिनॉप्सिसमध्येच (प्रबंधाच्या आराखड्यात) होते. रक्तातलं जीवनसत्त्व, पेशीतला त्याचा रिसेप्टर (व्हिटॅमिन डी रिसेप्टर, म्हणजेच व्हीडीआर) आणि त्या रिसेप्टरचा जनुक ही तीन वेगळी कामं आहेत. तिन्ही एका शीर्षकात कोंबली की एकही धड होत नाही. एमडीएस किंवा एमडीच्या मुदतीत झेपेल असं काम म्हणजे ऊतीतला रिसेप्टर अँटिबॉडीने रंगवून मोजणं, कारण ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) विभागाच्या कपाटात आधीच पडलेले असतात.

मात्र सगळेच ब्लॉक चालत नाहीत. आपल्याकडे गुटखा-तंबाखूमुळे गाल आणि हिरडीच्या खाचेतले ट्यूमर पुष्कळ, आणि त्यांच्यासोबत जबड्याचं हाडही येतं. हाड मऊ करायला आम्लात डिकॅल्सिफाय केलेल्या (कॅल्शियम काढलेल्या) ब्लॉकमध्ये अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्याला चिकटते ते, मार खातो, रंग फिका येतो आणि आपण त्याला 'व्हीडीआर कमी' म्हणून मोकळे होतो. त्याच केसचा मऊ ऊतीचा ब्लॉक शोधा.

व्हीडीआर म्हणजे ४२७ अमिनो आम्लांचं प्रथिन. कॅल्सिट्रायॉल (व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप) चिकटलं की ते आरएक्सआर या दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी करून डीएनएवर बसतं, म्हणून मोजायचा तो केंद्रकातला रंग. पेशीद्रवात थोडा रंग दिसू शकतो. पण पेशीद्रव गडद तपकिरी आणि केंद्रकं सगळी निळी अशी स्लाइड आली तर आधी अँटिबॉडीवर संशय घ्या. २०१० मध्ये डेलुका यांच्या गटाने व्हीडीआर नसलेल्या उंदरांच्या ऊती वापरून पडताळणी केली, तेव्हा प्रचलित अँटिबॉड्यांपैकी काही भलत्याच प्रथिनांना चिकटताना दिसल्या. डी-६ हा माउस मोनोक्लोनल क्लोन (उंदराच्या एकाच पेशीवंशातून बनलेली अँटिबॉडी) त्यात खरा उतरला. स्वस्त पडते म्हणून दुसरी कुठली घेऊ नका.

सेक्शन ४ मायक्रॉनचे, चार्ज्ड स्लाइडवर, ६० अंशांवर तासभर. साध्या स्लाइडवरचे रिट्रीव्हलमध्ये, म्हणजे गरम बफरमध्ये अँटिजेन पुन्हा उघडा करताना, सुटतात. सायट्रेट पीएच ६ आणि ट्रिस-ईडीटीए पीएच ९ हे दोन्ही बफर एकाच ब्लॉकवर २० मिनिटं करून बघा आणि जो चांगला तो शेवटपर्यंत ठेवा. गरम बफरमध्ये नळाचं पाणी ओतायचं नाही. २० मिनिटं आपोआप निवू द्या. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं. प्रायमरी (व्हीडीआरला चिकटणारी अँटिबॉडी) १:५०, १:१०० आणि १:२०० अशी पातळ करून लावून बघा. डॅबची (तपकिरी रंग देणाऱ्या रसायनाची) वेळ कंट्रोलवर मायक्रोस्कोपखाली ठरवा, मग सगळ्या स्लाइडना तेवढीच. केंद्रकं निळी करणारं हिमॅटॉक्सिलिन हलकं ठेवा. गडद निळ्याखाली केंद्रकातला फिका तपकिरी लपतो, आणि ही चूक बहुतेक जण करतात. पॉझिटिव्ह कंट्रोलला मूत्रपिंड घ्या, त्यातल्या डिस्टल नलिका रंगायला हव्यात. निगेटिव्ह कंट्रोलला प्रायमरी वगळा.

मोजताना केराटिन पर्ल (ट्यूमरमधले केराटिनचे गोल पुंजके), मेलेला भाग आणि सेक्शनची कड सोडा, तिथे खोटा रंग धरतो. लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेजही रंगतात, ते गणतीत नकोत. एच-स्कोर सोपा, गडद पेशींच्या टक्क्यांना तीनने, मध्यमला दोनने, फिक्यांना एकने गुणून बेरीज: २० टक्के पेशी गडद, ३० मध्यम, ४० फिक्या असतील तर ६०+६०+४०, म्हणजे ३०० पैकी १६०. दोघांनी वेगवेगळं मोजा, एकमेकांचे आकडे न बघता.

तुलनेला ट्यूमरशेजारचं अस्तर 'नॉर्मल' म्हणून घेतलं तर परीक्षक तिथेच पकडतात. तंबाखू खाणाऱ्याचं सगळं तोंड त्या तंबाखूत मुरलेलं असतं. अक्कलदाढेवरची हिरडी मिळते खरी, पण बहुधा सुजलेली. व्यसन नसलेल्यांचं, सूज नसलेलं अस्तर गोळा करायला वेळ राखून ठेवा.

त्वचेचे ट्यूमर घेणार असाल तर मेलॅनिनही तपकिरी आणि डॅबही तपकिरी! तिथे एईसीसारखा लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) वापरा, पण एईसी अल्कोहोलमध्ये विरघळतो, म्हणून स्लाइड झाकायला, आधी अल्कोहोलमधून न्यावं लागणारं डीपीएक्स नको, ग्लिसरीन जेली लावा. मेलॅनोमा वाढत जातो तसा व्हीडीआर घटतो, असं दिसलेलं आहे. तोंडाच्या कर्करोगात निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे गृहीतकात 'वाढेल' किंवा 'घटेल' असं आधीच लिहून अडकू नका.

रक्तही घ्यायचंच असेल तर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी मोजा. त्याचं अर्धायुष्य दोन-तीन आठवडे असतं, कॅल्सिट्रायॉलचं काही तास. गेल्या तीन महिन्यांत व्हिटॅमिन डीचं साठ हजार युनिटचं पाकीट घेतलं का, हे विचाराच. तोंड उघडत नाही म्हणून महिनोन्‌महिने पेजेवर असलेल्या रुग्णात पातळी कमी निघाली तर ती कर्करोगाचं कारण ठरत नाही. प्रबंधाच्या शेवटी 'सर्वांना डी द्यावं' असंही लिहू नका: अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ लोकांत रोज २००० युनिट देऊनही कर्करोगाचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही.

जनुकाचं काम करणाऱ्यांना एवढंच: डीएनए कापून जनुकातला फरक दाखवणारं फॉकआय एन्झाइम ३७ अंशांवर चालतं, टॅकआय ६५ वर. कापणी अर्धवट झाली की होमोझायगसही (जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या) हेटरोझायगस (दोन्ही वेगळ्या) दिसतो, म्हणून कंट्रोल गटात हार्डी-वाइनबर्ग, म्हणजे या प्रकारांचं अपेक्षित प्रमाण जुळतं का, ते तपासा. रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीतच घ्या. हिरव्या बुचातलं हेपरिन पीसीआर अडवतं.