उन्हाळी लागली म्हणून नुसता सब्जा पिताय? लघवीच्या जंतुसंसर्गात या चुका टाळा

लघवीला जळजळ व्हायला लागली की आपल्याकडे पहिला दोष उन्हाला जातो. अंगात उष्णता वाढली, उन्हाळी लागली. मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, वाळ्याचं सरबत, बार्ली सुरू होतं. त्यात वाईट काही नाही. कधी कधी निदानही बरोबर असतं, कारण दिवसभर पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते आणि चुरचुरते. पण ही चुरचुर भरपूर पाणी प्यायल्यावर दिवसभरात ओसरते. ती ओसरत नसेल, सारखं लघवीला पळावं लागत असेल, गेल्यावर चारच थेंब होत असतील, ओटीपोट दुखत असेल, लघवी गढूळ किंवा लालसर दिसत असेल, तर तो जंतुसंसर्ग समजा. तो डिसेंबरातही होतो.

"मी तर एवढी स्वच्छ राहते, मला कसं झालं?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाई विचारते. बाईचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटिमीटर लांब असतो, पुरुषाचा सुमारे २० सेंटिमीटर. शिवाय बाईच्या शरीरात मूत्रमार्ग, योनी आणि गुदद्वार एकमेकांच्या अगदी जवळ. बहुतेक वेळा हा संसर्ग करणारा ई. कोलाय हा जंतू आपल्याच आतड्यात राहणारा आहे, त्याला मूत्राशयापर्यंतचा प्रवास फार नाही. साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतोच. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि लाजेपोटी लपवणं हीच खरं तर पहिली चूक आहे.

लघवी दाबून ठेवणं आणि त्यासाठी पाणीच न पिणं

लग्नाला जायचंय, एसटीचा प्रवास आहे, शाळेत तपासणी आहे, बाजारात दिवसभर बसायचंय. अशा दिवशी बायका सकाळपासून पाणी तोडतात, कारण वाटेत जाण्यासारखी जागा मिळेल याची खात्री नसते. इथे 'भरपूर पाणी प्या' असा सल्ला देणाऱ्यांनी ते पाणी सोडायचं कुठे हेही सांगावं. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली ती याच प्रश्नावर. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा तिथला एक मोठा मुद्दा होता.

तरीही पाण्याला पर्याय नाही. लघवी वाहती राहिली की जंतू धुवून निघतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायका घेतल्या होत्या. त्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रवपदार्थ घेत होत्या. त्यांतल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. एवढा फरक, आणि औषध म्हणजे साधं पाणी! घरून निघण्याआधी लघवीला जाऊन या, जिथे बरी जागा दिसेल तिथे घाई नसली तरी जा, आणि प्रवास संपल्यावर राहिलेलं पाणी प्या. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

बाहेरच्या कमोडला स्पर्श नको म्हणून अनेक जणी अर्धवट वाकून, मांड्या ताणून लघवी करतात. त्या अवस्थेत ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडत नाहीत आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. कमोडवर बसल्याने हा संसर्ग होत नाही. सीट पुसा, हवं तर कागद टाका, पण नीट बसा. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर प्रश्नच नाही.

धुण्याचा अतिरेक

योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जंतू असतात. ते तिथलं वातावरण आम्लधर्मी ठेवतात आणि उपद्रवी जंतूंना थारा देत नाहीत. सुगंधी वॉश, डेटॉलचं पाणी, साबणाने आतून धुणं यामुळे पहिले मरतात ते हेच राखणदार. बाहेरून साधं पाणी पुरे. शौचानंतर धुताना हात पुढून मागे जाऊ द्या. जेटची धार मागून पुढे मारू नका. संबंधानंतर लघवीला जाऊन यावं, त्याचा पुरावा फार भक्कम नाही पण तोटाही काही नाही. शुक्राणुनाशक जेल किंवा तसं आवरण असलेलं निरोध वापरत असाल आणि त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर गर्भनिरोधनाची दुसरी पद्धत विचारा.

मेडिकलमधून 'मागच्यासारख्याच' गोळ्या आणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बाई आवाज खाली आणून "लघवीला जळजळ होतेय" म्हणते आणि काउंटरवरचा मुलगा पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो. दोन गोळ्यांत बरं वाटतं, उरलेल्या दोन पर्समध्ये जातात, पुढच्या वेळेसाठी किंवा जावेसाठी. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही त्यांतली नेहमीची नावं. अशा वापरामुळेच भारतातले ई. कोलाय या औषधांना मोठ्या प्रमाणावर जुमानेनासे झाले आहेत. म्हणून आता साध्या संसर्गाला डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइनचा ५ दिवसांचा कोर्स किंवा फॉस्फोमायसिनचं एकच पाकीट देतात. कोणतं द्यायचं हे गरोदरपण, मूत्रपिंडाची अवस्था आणि ॲलर्जी पाहून ठरतं, तेव्हा हे वाचून मेडिकलमध्ये जाऊ नका.

सोबत मिळणारं गुलाबी, गोडसर सायट्रेटचं सिरप जळजळ कमी करतं, जंतू मारत नाही. उलट ते लघवीतली आम्लता घटवतं आणि नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं काम करतं. दोन्ही एकत्र घ्यायची का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. लघवी केशरी करणाऱ्या गोळीचंही तसंच: ती फक्त वेदना दाबते, संसर्ग तसाच राहतो.

पहिल्याच साध्या संसर्गात डॉक्टर कल्चर (लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायची तपासणी) न करताही औषध देतात, आणि ते ठीक आहे. पण त्रास वारंवार होत असेल, ताप असेल, मधुमेह असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर लघवीचं कल्चर हवंच. आणि नमुना पहिली गोळी घेण्याआधी द्यायचा. गोळी घेऊन मग नमुना दिला तर जंतू वाढतच नाहीत आणि रिपोर्ट खोटा 'नॉर्मल' येतो.

नमुना देण्यातही गफलत होते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत घ्या, बाटलीच्या आत बोट लावू नका. बाटली लॅबने दिलेली निर्जंतुक असावी, घरातली औषधाची धुतलेली नको. तासा-दोन तासांत पोहोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. रिपोर्टमध्ये एपिथेलियल सेल्स भरपूर दिसले, तर नमुन्यात त्वचेवरचा मळ मिसळल्याची शक्यता जास्त. तेव्हा घाबरण्याआधी नमुना पुन्हा द्या.

प्रत्येक जळजळ एकाच खात्यावर मांडणं

खाज येते, अंगावरून दह्यासारखं पांढरं जातं, लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की झोंबतं: हे बहुधा योनीमार्गातलं बुरशीचं इन्फेक्शन असतं. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर ते आणखी वाढतं. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर ही बुरशी जास्त वेळा होते. डॉक्टरांना त्या गोळ्यांचं नाव सांगायला विसरू नका.

रिपोर्टमध्ये पस सेल्स (पूच्या पेशी) खूप पण कल्चरमध्ये काहीच नाही, असं पुन्हा पुन्हा येत असेल तर आपल्या देशात क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. आणि वय झालेल्या बाईला न दुखता लघवीतून रक्त गेलं, तर त्याला 'इन्फेक्शन असेल' म्हणून सोडून देऊ नका. सोनोग्राफी आणि पुढची तपासणी लागते.

लक्षण नसताना रिपोर्टवर इलाज

नेहमीच्या तपासणीत सासूबाईंच्या लघवीत जंतू सापडले. त्यांना जळजळ नाही, ताप नाही, काही नाही. वय वाढल्यावर हे बऱ्याच जणींत आढळतं आणि त्याला सहसा औषध लागत नाही. गरोदर बाई मात्र याला अपवाद: तिला काही त्रास नसला तरी उपचार करतात, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका असतो आणि बाळंतपण वेळेआधी होऊ शकतं.

पाळी गेल्यानंतर सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास होत असेल, तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. इस्ट्रोजेन कमी झालं की राखणदार जंतूही कमी होतात. क्रीमने ते परत वाढतात. ही गोष्ट फार कमी जणींपर्यंत पोहोचलेली असते. क्रॅनबेरीची महागडी गोळी काही जणींत पुन्हा होणं थोडं टाळते, झालेला संसर्ग बरा करत नाही.

अंगावर काढणं

हुडहुडी भरून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगडीखाली एका बाजूला ठणका, उलट्या: म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला. मग सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गरोदर बाई, मधुमेही, मुतखडा असलेली किंवा एकच मूत्रपिंड असलेली बाई असेल तर ताप चढायचीही वाट पाहू नका.

औषध सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत उतार पडायला हवा. नाही पडला तर गोळी स्वतः बदलू नका, कल्चरचा रिपोर्ट घेऊन परत जा. उतार पडला तर कोर्स पुरा करा. नंतर 'खात्रीसाठी' लघवी पुन्हा तपासायची सहसा गरज नसते. गरोदर बाईची मात्र तपासतात.