भाजलं की आधी नळ गाठा: या चुका टाळा

फोडणीत मोहरी तडतडली, तेल उडालं आणि मनगटावर रुपयाएवढा लाल डाग उठला. आईने लगेच त्यावर टूथपेस्ट थापली. क्षणभर गार वाटलं. तासाभरात तिची पापडी झाली, आणि दवाखान्यात ती खरवडून काढताना मी भाजल्यापेक्षा जास्त ओरडलो.

पहिली चूक: पाण्याआधी काहीतरी लावणं. पेस्ट, हळद, शाई यांच्याखाली जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसतच नाही. तूप-तेल उष्णता आत कोंडून ठेवतं. भाजलेली जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, घड्याळ लावून. भाजून तीन तास होईपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ मात्र नको, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते. हात पाण्याखाली असतानाच बांगड्या-अंगठी काढा, सूज आली की निघत नाहीत. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका.

दुसरी चूक: संशोधन अर्धवट ऐकणं. "बटाटा लावतात, डॉक्टरही मानतात" हे अगदीच खोटं नाही. १९८५ मध्ये मुंबईच्या डॉ. केसवानींनी जखमेवर बटाट्याची साल लावून पाहिली. पण ती उकडलेली आणि ड्रेसिंग म्हणून, म्हणजे जखम झाकून ओलसर ठेवायला. कच्चा कीस म्हणजे जंतूंना आमंत्रणच.

मधाची गोष्ट याहून रंगतदार. सोलापूरच्या डॉ. सुब्रमण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजल्यावर लावायची पांढरी क्रीम) यांची तुलना केली. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा निर्जंतुक झाल्या, क्रीमच्या गटातल्या फक्त ७ टक्के. १९९६ मध्ये त्यांनी मधाला बटाट्याच्या सालीशी भिडवलं, तिथेही मध जिंकला. १९९९ मध्ये मात्र त्यांच्याच अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया करून त्वचारोपण करणं मधाहून सरस ठरलं. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो पहिला अभ्यास, हा शेवटचा कुणी पुढे पाठवत नाही. शिवाय दवाखान्यातला ड्रेसिंगचा मध निर्जंतुक केलेला असतो, आपल्या कपाटातली बाटली नसते.

तिसरी चूक उलट्या बाजूची: फ्रिजमधली हीच पांढरी क्रीम डोळे मिटून लावणं. वरवरच्या जखमेत ती भरण्याचा वेग उलट कमी करते आणि पांढरा थर बसून जखमेचा अंदाज येत नाही. पाण्यानंतर स्वच्छ सुती कापडाने सैल झाका, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आठवा.

तळहाताहून मोठं भाजलं, चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जांघेत भाजलं, विजेचा झटका बसला किंवा श्वासात धूर गेला, तर थेट रुग्णालय गाठा. भाजलेली जागा पांढरीफटक किंवा काळी पडून दुखत नसेल तर लगेच निघा: तिथल्या नसाच जळालेल्या असतात.