युगांडात इको सुरू करायचा असेल तर

उत्तर युगांडातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सुरू करून द्यायला निघालेले डॉक्टर मला हमखास विचारतात, "सर, मशीन कुठलं घेऊ?" मी म्हणतो, आधी तिथली फार्मसी बघा. बेंझाथिन पेनिसिलिन, फ्युरोसेमाइड (अंगातलं जादा पाणी काढणारं), वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं) आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याची, तपासणी, यातलं बारा महिने काय मिळतं? औषधच नसेल, तर निदान करून पेशंटला बोडाबोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलच्या, खर्चात पाडण्यापलीकडे काही होत नाही. ऑपरेशनसाठी कंपालाच्या युगांडा हार्ट इन्स्टिट्यूटकडे कुणाला आणि कसं पाठवायचं, तेही आधीच ठरवून ठेवा.

आता मशीन. भारतातलं पोर्टेबल उचलून न्यायचा मोह टाळा. १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदलेलं मशीन देशाबाहेर काढायच्या कागदपत्रांतच तुमची रजा संपेल. ज्या कंपनीचा इंजिनिअर कंपालात आहे तिचंच घ्या. फेज्ड अ‍ॅरे प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचा छोट्या तोंडाचा, हवाच. बाळंतपणाच्या विभागातला रुंद प्रोब फासळ्यांच्या फटीतून हृदय नीट दाखवत नाही. दान म्हणून आलेलं, पण सुटे भाग मिळणं बंद झालेलं मशीन गोड बोलून नाकारा.

वीज २४० व्होल्टची, प्लग ब्रिटिश, चपट्या तीन पिनांचा. जनरेटर सुरू होताना झटका बसतो, म्हणून यूपीएस आणि स्टॅबिलायझरशिवाय बटण दाबू नका. प्रोब हँड सॅनिटायझरनं पुसू देऊ नका, आणि ट्रॉलीचं चाक वायरवरून जाऊ देऊ नका. प्रोब बहुतेक वेळा याच दोन गोष्टींनी जातात. गावातल्या सुताराला गाठून खाटेच्या फळीला आणि फोमच्या गादीला डाव्या छातीखाली येईल असा अर्धगोल कापून घ्या. कुशीवर झोपलेल्या पेशंटचा एपिकल व्ह्यू, म्हणजे हृदयाच्या टोकाकडून दिसणारं चित्र, मग सहज मिळतो. चार पैशांचं काम, पण मला ते महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचं वाटतं.

शिकवायचं क्लिनिकल ऑफिसर्सना. तीन वर्षांचा डिप्लोमा केलेली ही मंडळीच तिथला दवाखाना चालवतात. दोघं निवडा, आणि त्यांची बदली लगेच होणार नाही एवढा शब्द अधीक्षकांकडून घ्या. सुरुवातीला डॉपलरची, म्हणजे रक्ताच्या वेगाची, गणितं नकोत, चारच प्रश्न पुरेत: डावा कप्पा नीट आवळतोय का? हृदयाभोवती पाणी आहे का? मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) पुरती उघडते का? उजवी बाजू फुगली आहे का?

नवशिका प्रोब मुठीत धरून दाबतो. त्याला पेनसारखा धरायला लावा, करंगळी पेशंटच्या छातीवर टेकलेली, प्रोबवरची खूण पेशंटच्या उजव्या खांद्याकडे. मग हात एका जागी ठेवून नुसतं मनगट फिरवायचं. दम लागलेली गरोदर बाई आली की मायट्रल आधी बघायची, हे अंगवळणी पाडा. हृदयाभोवती पाणी दिसलं तर टीबी आणि एचआयव्ही डोक्यात हवेत. कप्प्याचं टोक भरून गेल्यासारखं दिसलं तर एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस, म्हणजे हृदयाचं आतलं अस्तर जाड आणि ताठर होण्याचा आजार, आठवा. १९४८ मध्ये त्याचं वर्णन कंपालातूनच झालं, आणि आपल्या केरळातही तो होता.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम म्हणजे रजिस्टर. उत्तर युगांडातल्या गुलूमध्ये ५ ते १७ वयाच्या, लक्षणं नसलेल्या पण इकोत संधिवाती हृदयरोग (संधिवाताच्या तापानं झडपा खराब होण्याचा आजार) सापडलेल्या मुलांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन घेणाऱ्यांत दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के. म्हणून रिपोर्टसोबत पुढच्या इंजेक्शनची तारीख, गावाचं नाव आणि शेजाऱ्याचा का होईना, पण लागणारा फोन नंबर लिहून घ्या. झडप फार खराब असून हृदय थकलेलं असेल, तर इंजेक्शनऐवजी तोंडानं पेनिसिलिन द्यायचं, हे त्याच पानावर लाल शाईत हवं.

तुम्ही परतलात की इकोच्या व्हिडिओ क्लिप्स पेशंटचं नाव काढून फोनवर मागवा, आणि उत्तर त्याच दिवशी द्या. पेशंट तिथे व्हरांड्यात बसलेला असतो.