मिठाच्या पुडीचा हिशोब

आमची फाउंड्री कोल्हापूरजवळ, शिरोली एमआयडीसीत. भट्टीतलं बीड, म्हणजे वितळलेलं ओतीव लोखंड, चौदाशे अंशांच्या आसपास असतं आणि ते लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीतून, साच्यात ओतणारी पोरं त्याच्यापासून चार हातांवर उभी असतात. या पोरांच्या पाण्यात टाकायची इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे घामातून जाणारे क्षार भरून काढायची, पावडर विकत घ्यायचं काम गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. हल्ली ऑफिसात एसीत बसणारी मंडळीसुद्धा मला फोन करून विचारतात, “दादा, ते जास्त सोडियमवालं इलेक्ट्रोलाइट रोज घ्यावं म्हणतात, कुठलं घेऊ?” म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

पहिल्या वर्षी मी सरळ फसलो. डब्यावर पळणारा माणूस, संत्र्याचा वास, मोठ्या अक्षरात ‘एनर्जी’. दहा डबे उचलले. तिसऱ्या दिवशी दुपारी आमचा एक लॅडलवाला दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊन खालीच बसला. पाणी कमी प्यायला म्हणावं तर सकाळपासून पाच बाटल्या रिचवल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, “पाणी भरपूर गेलंय पोटात, मीठ कुठाय?” परत येऊन डबा उलटा करून बघितला. कार्बोहायड्रेट भरपूर, सोडियम जवळपास नाहीच. म्हणजे मी पोरांना नुसतं संत्र्याचं सरबत आणून दिलं होतं.

तेव्हापासून पावडर घेण्याआधी मी माणूस वजनकाट्यावर चढवतो. आमच्याकडे कास्टिंग तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहेच. काम सुरू होताना एकदा वजन, दोन तासांनी घाम पुसून पुन्हा एकदा. मधे किती पाणी प्यायला ते बाटलीवरून कळतं. एक उदाहरण देतो. एकाचं वजन ७१.४ किलोवरून ७०.२ वर आलं आणि मधे त्याने ८०० मिली पाणी प्यायलं होतं. १.२ अधिक ०.८, म्हणजे दोन तासांत दोन लिटर घाम. ताशी एक लिटर. हाच हिशोब एकदा आमच्या अकाउंट्सच्या साहेबांचा केला. दोन तासांत काटा हललासुद्धा नाही. त्यांना साधं पाणी पुरतं, आणि मला फोन करणाऱ्या बहुतेकांनाही.

घाम किती गेला हे काटा सांगतो, तो किती खारट आहे हे कपडे सांगतात. आमचा युनिफॉर्म गडद निळा. काहींच्या पाठीवर तो वाळला की पांढऱ्या रेघा उमटतात, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या, आणि नखाने खरवडलं तर बारीक चुरा पडतो. काहींच्या पाठीवर काहीच दिसत नाही. माणसामाणसात फरक मोठा असतो. एका लिटर घामातून साधारण ५०० मिलिग्रॅमपासून १८०० पर्यंत सोडियम जाऊ शकतं. पांढऱ्या रेघावाल्यांनी जास्त सोडियमची पावडर घेण्यात अर्थ आहे.

आता पाकीट वाचायचं कसं. समोरची बाजू बघायचीच नाही. मागे ‘सोडियम’ शोधायचं आणि ते ‘प्रति १०० ग्रॅम’ लिहिलंय की ‘प्रति सर्व्हिंग’ हे आधी पाहायचं, कारण गंमत तिथेच असते. १०० ग्रॅममागे मोठा आकडा दिसतो आणि पुडी असते पाच ग्रॅमची. मग ती पुडी किती पाण्यात घालायची ते वाचून लिटरला किती पडतं ते काढायचं. २५० मिलीला २०० मिलिग्रॅम म्हणजे लिटरला ८००. सोडियमचा आकडा मिलिमोलमध्ये (mmol) असेल तर २३ ने गुणायचं, की मिलिग्रॅम मिळतात. आणि ‘मीठ’ लिहिलंय की ‘सोडियम’, तेही बघा. एक ग्रॅम मिठात सोडियम साधारण ३९० मिलिग्रॅमच असतं. सैंधव, काळं मीठ, हिमालयाचं गुलाबी मीठ, नाव कुठलंही असो, मुख्य माल सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंगाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

अंदाजासाठी काही आकडे. बाजारातली नेहमीची खेळाडूंची पेयं लिटरला ४०० ते ५०० मिलिग्रॅमच्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं ओआरएस लिटरला ७५ मिलिमोल, म्हणजे सुमारे १७२५. अमेरिकेत गाजलेल्या एलएमएनटी (LMNT) या ब्रँडच्या एका पुडीत १००० मिलिग्रॅम सोडियम, २०० पोटॅशियम, ६० मॅग्नेशियम आणि साखर शून्य. भट्टीसाठी मी लिटरला ७०० ते १००० धरतो. गेलेलं सगळं मीठ बाटलीतूनच भरायची गरज नसते. दुपारच्या डब्यात भाकरी, आमटी, ठेचा आणि लोणचं असतं, उरलेलं काम ते करतात.

साखर हवी की नको, यावर लोक भांडतात. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. ओआरएसची सगळी करामत यावर उभी आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ड्रमातून लोकांना पाजला आणि मृत्यू कितीतरी कमी झाले. त्यामुळे थोडी साखर म्हणजे विष नव्हे. राबणाऱ्या पोराला ती चालते. मधुमेह असेल, किंवा दिवसाला तीन-चार पुड्या होत असतील, तर बिनसाखरेची बघा. नेहमीच्या जेवणातून आतड्यात ग्लुकोज येतच असतं.

ओआरएसवरून आठवलं. ‘ओआरएस’ हे अक्षर वाचून जुलाबासाठी गोड टेट्रापॅक नेणारे खूप होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ठरलेलं सूत्र नसलेल्या पेयांना हे नाव लावायला मनाई केली. बरं झालं. पण उलटी गल्लतही करू नका. खरं ओआरएस जुलाबासाठी आहे, रोज ऑफिसच्या टेबलावर ठेवायला नाही. ज्या पुडीवर एक लिटर लिहिलंय ती एका लिटरमध्येच सबंध घाला. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकणारे मी बघतो, आणि अंदाज नेहमी जास्तीकडेच जातो.

आता माझी दुसरी चूक, ही घरची. एका पावसाळ्यात उरलेला लिंबू फ्लेवरचा खोका घरी आणला. आईला चव आवडली. “अशक्तपणा जातो रे याने,” म्हणून रोज दोन पुड्या सुरू झाल्या आणि मी कौतुकाने करून देत राहिलो. वय ७१, बीपीची गोळी चालू. पंधरा दिवसांत घोट्यावर सूज आली, बोट दाबलं की खळगा राहायचा. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आजी, नवीन काय पिताय?” दोन पुड्या म्हणजे जवळजवळ दोन हजार मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ. प्रौढ माणसाची दिवसाची सगळी मर्यादाच तेवढी सांगितलेली आहे, आणि तिचं जेवण त्यात धरलेलंच नव्हतं. पुड्या बंद केल्या, सूज उतरली. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पावडर तोंडाला लावू नका. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर पोटॅशियमचा आकडाही त्यांना दाखवा.

पुडी परवडत नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ, सहा सपाट चमचे साखर आणि वर लिंबू. लिटरला साधारण हजार-अकराशे मिलिग्रॅम पडतं. ताकही उत्तम. त्यात मीठ किती, तर आमच्या सॅण्ड लॅबच्या, म्हणजे साच्याची वाळू तपासायच्या खोलीतल्या, काट्यावर मी माझी तीन बोटांची मिठाची चिमूट तोलली, बरोबर अर्धा ग्रॅम भरली, म्हणजे एका चिमटीने ग्लासाला साधारण दोनशे मिलिग्रॅम सोडियम. शहाळं चवीला छान, पण त्यात जोर पोटॅशियमचा. घामाचं मीठ त्यातून भरून निघत नाही.

खरेदीचं शेवटचं. मोठा डबा स्वस्त पडतो, पण कोल्हापूरच्या जुलैत एकदा उघडला की आठ दिवसांत त्याची वीट होते आणि चमचा वाकतो. सुट्या पुड्या घ्या. आधी पाच-सहाच आणा आणि घाम येत असताना पिऊन बघा. आमच्याकडे दहा वाजता जी पोरं “मस्त आहे” म्हणतात, तीच सुटी झाल्यावर, अंग गार झालं की, तोंड वाकडं करून म्हणतात, “साहेब, समुद्र पाजताय काय?” मग मी पिंप धुवायला सांगतो. कालवलेलं पाणी दुसऱ्या शिफ्टला ठेवत नाही.